दहा बाय दहाच्या खोलीत बसायचे कुठे?

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, अकोले या भागांतली आपली मुले-मुली शिकायला बाहेर पडतात. कोणी नगरला येते, कोणी राहुरीच्या कृषी विद्यापीठात, कोणी लोणी-प्रवरानगरला, तर कोणी संगमनेर-कोपरगावला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण एस.टी.त बसणारा माणूस अजून ‘नगर’चेच तिकीट मागतो, म्हणून आम्हीही इथे तसेच लिहितो.) घरून निघताना पत्र्याची पेटी भरली जाते. गादी, दोन गोधड्या, बादली, ताट-वाटी, चटणीची बरणी, बाबासाहेबांची तसबीर. आई सगळे आठवून आठवून देते. पुढची तीन-चार वर्षे रोज सहा-आठ तास हे लेकरू नेमके कशावर बसून वाचणार आहे, हा प्रश्न मात्र त्या यादीत कधीच नसतो.

आरोग्याच्या पानावर बैठकीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आमच्याकडे कॉलेजच्या मुलांची पत्रे आणि विचारणा येतात, त्यांत पित्त आणि केस गळणे यांच्या खालोखाल हाच विषय असतो: कंबर धरते, मान आखडते, पायाला मुंग्या येतात, अर्ध्या तासापलीकडे पुस्तक घेऊन बसवत नाही. वय विचारावे तर एकोणीस, वीस, एकवीस. या वयात कंबर धरायला नको. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले माणूस आहे, त्याला दिवसाचे दोन तास कंबरेपायी वाया घालवणे परवडत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले तर दुखणे अंगावर काढतात आणि गोळी घेऊन पुन्हा बसतात.

आधी खोलीचा हिशेब करू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली म्हणजे शंभर चौरस फूट. एक लोखंडी कॉट सहा बाय तीनची, म्हणजे अठरा. तिघांच्या तीन कॉट म्हणजे चौपन्न. दार उघडायला जागा हवी, पेट्या, बादल्या, कुठे एखादे कपाट. उरते तीस-पस्तीस चौरस फूट. खुर्ची-टेबलाचा एक जोड, खुर्ची मागे सरकवायची जागा धरून, तेरा-चौदा चौरस फूट खातो. तिघांचे तीन जोड बसूच शकत नाहीत. मग कॉट हीच खुर्ची होते, कॉट हेच टेबल होते आणि कॉटवरच वाळलेले कपडेही पडतात. मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून, पुस्तक मांडीत ठेवून मुले वाचतात. गादी मध्यभागी खचलेली असते, तिच्यात बूड रुतते आणि पाठीचा पार बाक होतो. काही वेळाने कंटाळून पालथे पडतात, कोपरांवर भार देऊन वाचतात. तेव्हा मान मागे मोडते आणि कोपरे हुळहुळतात.

खोली एवढी लहान का, याचे उत्तर पैशांत आहे. शासकीय वसतिगृहात ज्यांना प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजनेच्या मूळ दरांनुसार जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला 43,000 रुपये. त्यात जेवणाचे 25,000, निवासाचे 12,000 आणि निर्वाहाचे 6,000. निवासाचे 12,000 म्हणजे महिन्याला हजार रुपये झाले. तिघे मिळून तीन हजारांची खोली घेतात. त्या भाड्यात चौथी भिंत तेवढी मिळते, अभ्यासाची जागा मिळत नाही. तेव्हा ‘चांगली अर्गोनॉमिक खुर्ची घ्या’ असा सल्ला या पानावरून देण्यात काही अर्थ नाही. जे आहे, जे स्वस्तात होते आणि जे काम झाले की कॉटखाली सरकते, त्याचाच विचार आम्ही इथे केला आहे.

गोणपाट आणि गवताचे आसन

आपल्या समाजात बसण्याची गोष्ट नुसती फर्निचरची नाही, हे तुम्हाला सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना वर्गात इतर मुलांबरोबर न बसता कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे, शाळेचा गडी त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी आणावे लागे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार, जळण, जाते आणि बकरीसुद्धा. तिथे सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, रात्री दोनला अभ्यासाला उठवीत आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवे होत, असे चरित्रकार सांगतात. एकच जागा दोघांनी पाळीपाळीने वापरायची. आजच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना ही गोष्ट लगेच कळते.

गावात पाटलासमोर बाजेवर किंवा खुर्चीवर बसण्याची सोय आपल्या आजोबा-पणजोबांना नव्हती. म्हणून शिकणाऱ्या मुलाला ‘खुर्ची’ मिळावी अशी आई-बापाची इच्छा असते आणि तिच्यात मोठा अर्थ आहे. आम्हाला तो अर्थ मान्य आहे. पण त्यापायी जमिनीवर बसून अभ्यास करण्यात कोणी कमीपणा मानू नये. दुसऱ्याने जमिनीवर बसवणे वेगळे आणि आपल्या सोयीने आपण जमिनीवर बसणे वेगळे. बोधिवृक्षाखाली तथागतांचे आसन सोत्थिय नावाच्या गवत कापणाऱ्याने दिलेल्या गवताच्या मुठींचे होते, अशी परंपरा आहे. विनयात तर भिक्खूंच्या बसण्याचे बारीक नियमच आहेत. मंच आणि पीठ, म्हणजे झोपायची बाज आणि बसायची बैठक, यांचे पाय आठ सुगत-अंगुळांपेक्षा उंच नसावेत. बसण्यासाठी ‘निसीदन’ नावाचे वेगळे वस्त्र असावे आणि त्याचेही माप ठरलेले. तिथे हेतू साधेपणाचा होता, कंबरदुखीचा नव्हता. तरी माणसाने किती उंचीवर आणि कशावर बसावे याचा विचार कोणी तरी अडीच हजार वर्षांपूर्वी अंगुळे मोजून केला होता, हे आम्हाला फार आवडते.

बसल्यावर पाठीचे काय होते

कंबरेच्या मणक्याला आत वळलेली एक नैसर्गिक कमान असते. उभे असताना ती आपोआप राहते. सपाट जमिनीवर मांडी घातली, की बहुतेकांचे कटीचे हाड मागे कलंडते, कमान सपाट होते आणि पाठ पुढे वाकते. दोन मणक्यांमधल्या चकतीवर त्याचा भार येतो. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नॅचेमसन यांनी 1960 आणि 1970 च्या दशकांत चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असतानाचा दाब 100 धरला तर टेकू न घेता बसल्यावर तो 140 भरला, बसून पुढे वाकल्यावर 185, आणि पाठीवर झोपल्यावर अवघा 25. पुढच्या काळातल्या मोजणीत नुसत्या बसण्याचा आकडा इतका वाईट निघाला नाही. पण पुढे वाकून बसण्याने दाब चढतो, हे कायम राहिले. तेव्हा दोष बसण्याला देण्यापेक्षा वाकण्याला द्यावा. आणि वाकायला लावते ते खाली ठेवलेले पुस्तक.

मानेचेही तेच. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. ते मणक्याच्या वर सरळ तोललेले असले की मानेच्या स्नायूंना फारसे काम नसते. मांडीतले पुस्तक किंवा हातातला मोबाइल बघायला डोके पुढे झुकले की तेच वजन मागच्या स्नायूंनी ओढून धरावे लागते, तासन्‌तास. विहिरीतून भरलेला पोहरा अर्धा वर ओढून तसाच धरून ठेवण्यासारखे आहे ते.

यावरचा उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. बूड वर उचला आणि पुस्तक वर उचला.

बूड उचलायला गोधडी. घरची जाड गोधडी घट्ट घडी घालून तीन-चार इंच उंच करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, मध्यभागी नको. मांडी घातल्यावर गुडघे कंबरेच्या खुब्यापेक्षा खाली आले पाहिजेत. गुडघे वर राहिले तर उंची कमी पडते आहे, अजून एक घडी घाला. ज्यांनी विपश्यनेचे शिबिर केले आहे त्यांना हे ठाऊक असते. तिथे पहिल्या दिवशी एक उशी घेणारे साधक तिसऱ्या दिवशी तीन उशांवर बसलेले दिसतात. गादीवर गोधडी नको, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर गोधडी. खालचा आधार टणक हवा. नगरच्या थंडीत फरशी गार पडते, तेव्हा खाली घोंगडी टाका. फोमची तयार उशी घ्यायची तर बोटाने दाबून पाहा, पार खालपर्यंत दबत असेल तर ती महिन्याभरात पापड होते.

पुस्तक उचलायला बैठे मेज. आमच्या मते संपूर्ण खोलीत खर्च करण्याजोगी वस्तू ही एकच. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी ज्या उतरत्या डेस्कावर चोपड्या लिहीत, तेच हे. नगरच्या बाजारपेठेत तसली डेस्के अजून एखाद्या जुन्या दुकानात दिसतात. दिवसभर मान न मोडता लिहिता यावे म्हणून त्या लोकांनी ती उतरती केली होती, शोभेसाठी नाही.

मेजाची उंची दुकानदाराला विचारू नका, स्वतःच्या कोपराला विचारा. गोधडीवर ताठ बसा, दंड अंगालगत सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि मित्राला जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायला सांगा. बहुतेकांचे ते अकरा ते तेरा इंच भरते. मेजाची आपल्याकडची कड तेवढीच उंच हवी. बाजारात लॅपटॉपसाठी म्हणून पाय मिटणारी जी टेबले मिळतात, त्यांतली बरीच याहून बुटकी असतात. घेतलेच असेल तर पायांखाली लाकडाचे ठोकळे द्या. सुताराकडून करून घेणे मात्र जास्त बरे. पाऊण इंची प्लायचा दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा, बिजागरीवर मिटणारे दोन पाय, वरच्या फळीला मागून दोन-तीन इंच चढ आणि पुस्तक घसरू नये म्हणून पुढच्या कडेला बोटभर पट्टी. दोन पायांमधली जागा होईल तितकी मोकळी ठेवा. मांडी अवघडली की त्याच मेजाखाली पाय लांब सोडता आले पाहिजेत. प्लायचे तुकडे सुताराच्या दुकानात इतर कामातून उरलेले पडलेले असतात. तेच मागितले तर काम निम्म्यात होते. अभ्यास झाला की पाय मिटा आणि मेज कॉटखाली सरकवा. खोलीतली जागा पुन्हा मोकळी.

पाठीला टेकू हवा तेव्हा भिंत आहेच. पण नुसती भिंत नको. गोधडीचा किंवा टॉवेलचा मनगटापेक्षा थोडा जाड असा गुंडाळा करून कंबरेच्या खोलगट भागात, पट्ट्याच्या जरा वर ठेवा आणि मग टेका. श्रीमंताच्या बैठकीत लोड-तक्के असतात, त्यांचे काम हा गुंडाळा चोख करतो.

पेटी, स्टूल, खुर्ची

मांडी सर्वांनाच मानवत नाही. कोणाच्या गुडघ्याला जुनी इजा असते, कोणाचे वजन जास्त असते, कोणाला पोलिओमुळे पाय दुमडत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या टोकाला वळसा घालून एक नस पायात उतरते. बराच वेळ एकाच घट्ट मांडीत बसले की ती दबते, पाय बधिर होतो आणि उठताना पाऊल नीट पडत नाही. पाय चाळवल्यावर दोन मिनिटांत मुंग्या गेल्या तर काळजी नाही, फक्त मांडी बदलत राहा. मुंग्या तासभर रेंगाळू लागल्या तर मांडी सोडून उंच बैठकीवर या.

उंच बैठक म्हणजे पहिली आपली पेटीच. पत्र्याची पेटी साधारण एक फुटाच्या आसपास उंच असते. तिच्यावर घडी घातलेली गोधडी टाकली की चौदा-पंधरा इंच होतात आणि बेताच्या उंचीच्या मुला-मुलींना ते माप बरोबर बसते. तळपाय जमिनीवर सपाट टेकले आणि मांडी जमिनीला समांतर राहिली की माप जुळले समजा. पेटीचे झाकण पातळ पत्र्याचे असते, बसून बसून खड्डा पडतो आणि मग कुलूप लागत नाही, म्हणून वर प्लायची फळी टाका. चाके असलेल्या नव्या सुटकेसवर मात्र बसू नका. ती घसरते.

पेटीवर बसायचे तर लिहायचे कशावर? कॉटवर नको. कॉट दीड फुटाची, म्हणजे जवळजवळ बैठकीच्याच उंचीची. तिच्यावर पुस्तक ठेवले तर पुन्हा कंबरेतून वाकणे आलेच. कॉटच्या कडेला ते बैठे मेज ठेवा, उंची कोपरापाशी येते का ते पाहा आणि पाय कॉटखाली जाऊ द्या. कॉटखाली पेट्या कोंबलेल्या असतील तर एकीची जागा तेवढी मोकळी करा, नाही तर गुडघे अडतात आणि माणूस तिरका बसतो.

प्लास्टिकची खुर्ची सर्वांना परिचयाची. एकीत एक रचता येते, धुता येते, हलकी असते. खोलीत एक असावी आणि तिघांनी वाटून घ्यावी. तिच्यात दोन खोडी आहेत. बैठक मागे उतरती आणि पाठ कंबरेपाशी पोकळ. मघाचा टॉवेलचा गुंडाळा इथेही कामी येतो. बुटक्या मुलींचे पाय या खुर्चीत जमिनीला पोचत नाहीत, लोंबकळत राहतात आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते. पायाखाली दोन विटा कापडात गुंडाळून ठेवा. हात असलेली खुर्ची टेबलाखाली सरकत नाही, म्हणून लहान खोलीत बिनहाताची घ्यावी. लोखंडी घडीची खुर्ची भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवता येते, हा तिचा मोठा गुण. जुनी घेताना मात्र पायांची रबरी टोपणे शाबूत आहेत का, सांध्यात गंज आहे का आणि मिटताना बोट चेमटते का, हे तिथेच उघडून-मिटून पाहा. प्लास्टिकचे पाठ नसलेले स्टूल दोन-तीनशे रुपयांत मिळते. ते तासाभराच्या कामाला ठीक, रात्रभराच्या अभ्यासाला नाही.

बीन बॅगचे नाव काही मुलांनी काढले म्हणून एवढेच सांगतो: घेऊ नका. जागा खुर्चीइतकीच खाते, पाठीला आधार देत नाही आणि आतले दाणे चेपले की पुन्हा भरायला पैसे मागते.

नागापूरच्या एम.आय.डी.सी.तून भंगारात जाणाऱ्या लाकडी पॅलेटच्या बैठका हल्ली मुले बनवतात. कल्पना चांगली आहे. पॅलेटवर शिक्का पाहा. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचे चिन्ह आणि शेजारी रोमन अक्षरे असतात. ‘एच.टी.’ म्हणजे लाकूड नुसते तापवून किडीपासून मुक्त केलेले, ते चालेल. ‘एम.बी.’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते खोलीत आणू नका. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेले तर शिक्का कसलाही असो, सोडून द्या. खिळे ठोकून आत बसवा आणि कडा काचकागदाने घासा.

चार इरियापथ

इतके सांगून झाल्यावर खरी गोष्ट अशी की एकाच बैठकीत तासन्‌तास बसले तर उत्तमोत्तम खुर्चीसुद्धा कंबर धरते. महासतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे अशा चार इरियापथांची सजगता सांगितली आहे. अभ्यास करणाऱ्याने हे चारही दिवसभरात वापरावेत. अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाठांतराचा भाग खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत चालत म्हणा. खिडकीचा कट्टा छातीच्या खाली, कोपरापाशी येत असेल तर वर्तमानपत्र आणि वाचनापुरती पुस्तके तिथे उभ्याने वाचा. दुपारी दहा मिनिटे पाठीवर सरळ पडून गुडघे दुमडून पाय कॉटवर ठेवा, कंबर जमिनीवर. चकतीवरचा सर्वांत कमी दाब तेव्हाच असतो, हे वर आकड्यांत आलेच आहे. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, म्हणजे भरायला उठावे लागते.

एक खुलासा. आनापानाला बसतो तसेच ताठ बसून लिहायला जमत नाही, म्हणून काही साधक मुले नाराज होतात. त्यात नाराज होण्यासारखे काही नाही. ध्यानात डोळे मिटलेले आणि हात मांडीत असतात, लिहिताना नजर आणि हात दोन्ही पुढे असतात. दोन वेगळी कामे आहेत, म्हणून तर मेज लागते.

विहाराचा हॉल

हे सगळे एकट्या विद्यार्थ्याच्या खिशावर टाकून आपण मोकळे होऊ नये, असे आम्हाला वाटते. स्वाधारमध्ये निर्वाह भत्त्याशिवाय शैक्षणिक साहित्यासाठी वेगळी रक्कम आहे, वैद्यकीय व अभियांत्रिकीला 5,000 आणि इतरांना 2,000. तिच्यातून एक मेज होऊ शकते. पण हप्ता हाती येईपर्यंत अर्धे सत्र निघून जाते आणि तोवर त्यातून पुस्तकेही घ्यायची असतात.

बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि वर्षही उलटायच्या आत, जानेवारी 1925 मध्ये, सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. राहण्याची सोय झाल्याशिवाय शिक्षण होत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होते. 6 डिसेंबरला आणि 14 एप्रिलला हारफुलांऐवजी वही-पेन देण्याची प्रथा अलीकडे आपल्यात रुजली, ती फार मोलाची. आमची सूचना अशी, की ज्या विहार समितीला जमेल तिने यंदाच्या वह्यांबरोबर पाच-दहा बैठी मेजे करून घ्यावीत. गावातल्याच सुताराला एकदम दहांचे काम दिले तर तो दरही कमी लावतो. मेजांवर क्रमांक घालावेत, मुलाला कॉलेजला जाताना द्यावीत, शिक्षण संपल्यावर परत घ्यावीत. नगर शहरातल्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या विहारांचे हॉल सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत बहुधा कुलूपबंद असतात. किल्ली कोणाकडे ठेवायची आणि विजेचे बिल कोणी भरायचे, यावर चर्चा अडते. ती एका बैठकीत मिटवावी. भिंतीलगत लांब उतरती फळी आणि खाली गोधड्या टाकल्या, की वीस जणांची अभ्यासिका होते. खुर्च्या लग्नकार्यासाठी विहारात आधीच असतात. मुलींसाठी दिवसाची वेळ आणि जबाबदार उपासिका ठरवून द्यावी. भाड्याच्या खोलीत त्यांची अडचण मुलांपेक्षा अधिक असते.

शासकीय वसतिगृहात राहणाऱ्यांनी टेबल-खुर्चीची मागणी गृहपालांकडे लेखी द्यावी, एकट्याने न देता खोलीतल्या सर्वांनी सही करून, आणि पोच घ्यावी. ज्याला अपंगत्वामुळे मांडी घालता येत नाही त्याची मागणी ही मेहेरबानीची बाब नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार अशी वाजवी सोय मिळणे हा त्याचा हक्क आहे. अर्जात त्या कायद्याचे नाव लिहावे.

कधी बैठक बदलू नये, डॉक्टर गाठावा

बैठक सुधारल्यावर साधी कंबरदुखी तीन-चार आठवड्यांत उतरते. काही दुखणी मात्र बैठकीची नसतात आणि ती ओळखता आली पाहिजेत.

कंबरेतून निघून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत जाणारी कळ, पाऊल उचलताना पंजा लोंबणे, पाय बारीक किंवा कमजोर वाटणे, ही नस दबल्याची लक्षणे आहेत. त्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचे, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पहाटे कंबर इतकी आखडलेली की सुटायला अर्धा तास लागतो, हालचाल केल्यावर बरे वाटते आणि आराम केल्यावर वाढते, असे तीन महिन्यांहून जास्त चालले असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो. तो तरुण वयातच सुरू होतो. आणि बरीच मुले ‘अभ्यासाने होते’ म्हणून वर्षानुवर्षे सोसत बसतात.

पाठीत एकाच जागी सतत दुखते, रात्रीही थांबत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, भूक जाते, अशी तक्रार असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे तपासून घ्यावे लागते. क्षयरोग फुप्फुसातच होतो असे नाही. दाटीच्या खोलीत राहणाऱ्या, एक वेळ जेवून दिवस काढणाऱ्या मुलांनी हे लक्षण कधीच अंगावर काढू नये. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नगरच्या जिल्हा रुग्णालयात जा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, पण मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खात राहू नका. जाताना ताप कधीपासून आहे, किती वाजता चढतो आणि वजन किती उतरले, हे कागदावर लिहून न्या.